यूपीआयसाठी छोट्या सहकारी बँकेने कोणती वाट धरावी: स्पॉन्सर बँक, थेट सदस्यत्व की फिनटेक?

सांगलीकर_आयटी

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत मी आयटी बघतो. शाखा मोजक्या. खातेदार म्हणजे द्राक्षवाले, हळदीचे व्यापारी, शिक्षक आणि पेन्शनर. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न आमच्या एकट्याचा नाही.

सध्या आम्ही एका मोठ्या बँकेचे सब-मेंबर आहोत. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय सगळं त्यांच्यामार्फत. आमच्या कोअरमधून (खात्यांच्या मुख्य संगणक प्रणालीतून) निघालेला मेसेज आधी व्हेंडरच्या स्विचवर (मेसेज पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेवर) जातो, तिथून त्या मोठ्या, म्हणजे स्पॉन्सर बँकेकडे, तिथून एनपीसीआयला, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेला. उत्तर त्याच वाटेने मागे येतं. मधे कुठे खोळंबा झाला की खातेदार आमच्या काउंटरवर उभा राहतो आणि आमच्याकडे सांगायला काही नसतं. आम्ही व्हेंडरला मेल टाकतो, व्हेंडर स्पॉन्सरला, तिकडून उत्तर यायला कधी कधी दोन दिवस. पेन्शनच्या पैशांसाठी आलेल्या बाईंना "मेल केलाय" एवढंच सांगावं लागतं. ते मला आता सहन होत नाही.

संचालक मंडळापुढे दोन प्रस्ताव आलेत. एक फिनटेक कंपनी म्हणते, ॲप आमचं, स्विच आमचा, तुम्ही फक्त कोअर जोडून द्या. दुसरीकडे आमचे काही संचालक म्हणतात, मधल्या बँकेशिवाय थेट सदस्यत्व घ्या, कोणाच्या दारात उभं राहायला नको. तिसरा मार्ग म्हणजे आहे ते तसंच चालू ठेवणं.

ज्यांनी ही कामं जवळून केली आहेत किंवा ज्यांचे पैसे अडकले आहेत, त्यांनी लिहा. दोन्ही बाजू मला हव्यात.

अनुजा_क

वाचतेय. आमच्या सोसायटीचे हिशेब मी बघते. मेंटेनन्सचे पैसे "भरलेत" आणि "आलेत" यात दर महिन्याला एक-दोन भांडणं ठरलेली. जाणकारांनी एकदा नीट सांगा, मधल्या वेळात पैसे नक्की असतात कुठे?

गुजरीवाला

मी कोल्हापूरचा, चांदीचं दुकान. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेली, माझ्या खात्यात आली नाही. त्याच्या ॲपवर हिरवी खूण नाही, लाल नाही, नुसतं "प्रोसेसिंग". माल द्यायचा की नाही? दिला. माणूस ओळखीचा होता म्हणून. पैसे दुसऱ्या दिवशी आले. पण सणाच्या गर्दीत अनोळखी गिऱ्हाईक असता तर काय करायचं, ते मला आजही कळत नाही.

निशाचर

मुंबईत एका बँकेच्या स्विच ऑपरेशन्समध्ये मी काही वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

अनुजाताई, दोन वाटा वेगळ्या करा. संदेशाची वाट आणि पैशाची वाट.

समजा सांगलीकरांच्या खातेदाराने गुजरीवाल्या दादांना ८०० रुपये पाठवले. ॲपने ते आपल्या पीएसपी बँकेला (ॲपला यूपीआयशी जोडून देणाऱ्या बँकेला) सांगितलं, तिने एनपीसीआयला. एनपीसीआयने दादांच्या हँडलवरून (यूपीआय पत्त्यावरून) त्यांची पीएसपी बँक शोधली आणि खात्याचा तपशील मागवला. मग सांगलीच्या बँकेला निरोप गेला: अमुक खात्यावर ८०० नावे टाका, म्हणजे वजा करा. तिने पिन तपासला, शिल्लक बघितली, नावे टाकले आणि होकार कळवला. मग दादांच्या बँकेला निरोप: ८०० जमा करा. तिचा होकार आला की दोन्हीकडे हिरवी खूण.

एवढं सगळं होईपर्यंत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रुपयासुद्धा हललेला नसतो. तो हलतो सेटलमेंटला. दिवसातून अनेकदा एनपीसीआय प्रत्येक बँकेचं निव्वळ येणं-देणं काढते आणि ते रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर उतरतं. सब-मेंबरचा आकडा तिथे स्पॉन्सरच्या नावावर पडतो, आणि स्पॉन्सर तो सब-मेंबरच्या आपल्याकडच्या खात्यातून वळता करतो.

आता दादांच्या "प्रोसेसिंग"बद्दल. जमा करणाऱ्या बँकेने स्पष्ट नकार दिला तर एनपीसीआय पाठवणाऱ्याच्या बँकेला लगेच रिव्हर्सल पाठवते. घोळ होतो तो उत्तरच न आल्यावर. तेव्हा व्यवहार "डीम्ड", म्हणजे झाला असं धरतात. सेटलमेंटमध्ये ती रक्कम जमा करणाऱ्या बँकेच्या पदरात पडते, आणि खात्यात जमा करायची किंवा परत पाठवायची जबाबदारी तिची होते. म्हणजे दादा, त्या रात्री तुमचे पैसे बहुतेक तुमच्याच बँकेच्या एका मधल्या खात्यात पडून होते आणि गिऱ्हाईक बिचारं त्याच्या बँकेला फोन करत होतं.

गुजरीवाला

हे मला पहिल्यांदा कळतंय. आम्ही सगळे त्याच्या बँकेला नावं ठेवत होतो!

कांदाभजी_कोडर

निशाचर, नाव सार्थ आहे तुमचं. :-)

मी बंगळूरला एका फिनटेकमध्ये आहे (सांगलीकरांना प्रस्ताव देणारी कंपनी आमची नव्हे). आमच्या बाजूचं थोडं लिहितो.

लोकांना वाटतं ॲपवाला पैसे धरून बसलाय. यूपीआयमध्ये थर्ड पार्टी ॲपच्या हातात पैसे येतच नाहीत. पिनसुद्धा आम्हाला दिसत नाही. तो एनपीसीआयच्या कॉमन लायब्ररीच्या पानावर टाकला जातो आणि तिथेच एन्क्रिप्ट होतो. आमच्या हातात असतो तो अनुभव: चूक झाली तर नीट कळवणं, तक्रार दोन टॅपमध्ये नोंदवून देणं.

थेट सदस्यत्वाबद्दल स्पष्टच बोलतो. स्वतःचा स्विच म्हणजे एचएसएम (एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या जपणारं यंत्र) आलं, दुसऱ्या शहरात डीआर साइट (संकटात चालवायची पर्यायी यंत्रणा) आली, दरवर्षीची ऑडिट्स आली, सर्टिफिकेशन आलं, आणि पहाटे तीनला फोन उचलणारी माणसं आली. वर यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क) शून्य. हा खर्च वसूल करायला छोट्या बँकेकडे उत्पन्नच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे एका महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले. त्या वजनाला पुरणारी यंत्रणा मोजक्या शाखांच्या बँकेने एकटीने उभी करावी, हे मला पटत नाही. स्विच भाड्यानेच घ्यावा.

पेन्शनर_आबा

भाड्याचं घर घेताना मालक कोण, एवढं तरी बघाल की नाही?

पुण्यात राहतो, एका सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ऑगस्ट २०१८ विसरणं मला शक्य नाही. कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटींच्या आसपास काढले गेले, देशातून रुपे कार्डांवर अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्यातून १३.९२ कोटी हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींच्या वर.

हे कसं घडलं, ते इथल्या चर्चेला धरून आहे. चोरट्यांनी खऱ्या स्विचच्या जागी खोटा स्विच उभा केला. एटीएमकडून "पैसे देऊ का?" असा निरोप आला की खोटा स्विच परस्पर "द्या" म्हणायचा. कोअरला विचारणंच नाही. खातेदारांच्या शिल्लकेला धक्का लागला नाही, पैसे गेले बँकेचे. कोअर आपल्या जागी शांत, कारण त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, स्विच कोणाचा, तो कुठे आहे, त्याच्यावर लक्ष कोणाचं, आणि स्विचने दिलेले होकार कोअरमधल्या नोंदींशी किती वेळाने ताडले जातात, हे प्रश्न संचालकांनी विचारलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडून उपयोग नाही, तोवर शनिवार-रविवार निघून गेलेला असतो.

आमच्या तरुणपणी टीटी असायची. शाखेतून शाखेला तार. तिच्यावर टेस्ट नंबर: तारीख, रक्कम, शाखा यांचे गुप्त आकडे मिळवून काढलेला. तो जुळल्याशिवाय समोरचा अधिकारी पैसे देत नसे. वेळ लागायचा, पण देण्यापूर्वी तपासणारा एक माणूस असायचा.

रानवाटा

आबांना +१. शिवाय जुलै २०२४ आठवा. सी-एज या बँकिंग सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने तिला जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचं पेमेंट एका फटक्यात बंद. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. त्या बँकांची स्वतःची काही चूक नव्हती.

कांदाभजी, तुमच्या भाड्याच्या स्विचची ही दुसरी बाजू.

कांदाभजी_कोडर

रानवाटा, ते तोडणं योग्यच होतं. लागण पुढे पसरली असती तर सगळ्यांचंच बंद पडलं असतं, आणि दुसऱ्याच दिवशी जोडणी परत मिळाली. तीनशे बँकांनी तीनशे स्विच चालवले असते, तर त्यातले किती नीट राखले गेले असते, त्याचाही विचार करा. सामायिक यंत्रणा पडली की बातमी होते. एकट्या बँकेचा जुना सर्व्हर महिनोन् महिने पॅचशिवाय पडून असतो, त्याची बातमी होत नाही.

पेन्शनर_आबा

हे मान्य. पण सामायिक यंत्रणाच घ्यायची, तर सहकारी बँकांची स्वतःची का नको? मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांची शिखर संस्था एनयूसीएफडीसी सुरू झाली, ती याच कारणासाठी. प्रत्येकाने वेगळ्या व्हेंडरच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्याकडे मागणी लावून धरा.

अनुजा_क

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या एका सभासदाने एनईएफटी करताना खाते क्रमांकात एक आकडा चुकवला. नाव सोसायटीचं, शाखा बरोबर, आकडा चुकला, आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात! बँक म्हणाली, आम्ही फक्त क्रमांक बघतो. नाव मग कशाला विचारतात?

म्युनिक_मराठी

अनुजाताई, तुमचा प्रश्न अजिबात अवांतर नाही.

इथे युरोपात खाते क्रमांक म्हणजे आयबॅन. त्यात देशाच्या अक्षरांनंतरचे दोन आकडे तपासणीचे. एखादा आकडा चुकला की हिशेब जुळत नाही आणि फॉर्म पुढे सरकतच नाही. भारतात प्रत्येक बँकेच्या खाते क्रमांकाची लांबी वेगळी, घडण वेगळी. आयएफएससीला तरी शिस्त आहे: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. पण तो कोड पैसे शाखेपर्यंत नेतो. खातं चुकलं तर तो वाचवू शकत नाही.

आणि आयबॅनसुद्धा नाव तपासत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्यापूर्वी नाव जुळवून दाखवणं बँकांना बंधनकारक झालं. भारत यात मागे नाही. यूपीआयमध्ये नाव पहिल्यापासून दिसतं, आणि एनईएफटी-आरटीजीएससाठी एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघण्याची सोय आली आहे. तुमच्या सभासदांना तेवढं नाव वाचायची सवय लावा.

अनुजा_क

पुढच्या सभेच्या नोटिशीत घालतेच.

टेस्टकेस

मूळ प्रश्नाला धरून एक भर. कोणीच सेकंदांबद्दल बोललं नाही.

१६ जून २०२५ पासून एनपीसीआयने पेमेंटच्या विनंतीला उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली. सांगलीकर, तुमचा मेसेज मोजा. एनपीसीआयकडून स्पॉन्सर, तिथून व्हेंडर, तिथून तुमचं कोअर, आणि त्याच वाटेने मागे. प्रत्येक टप्प्यावर मेसेज उघडला जातो, तपासला जातो, पुढे ढकलला जातो. मोठ्या बँकेला १५ सेकंद कोअरसाठी मिळतात, तुमचे त्यातले काही रस्त्यातच जातात. तुमचं कोअर धावायला तयार असेल, तरी मधला एक टप्पा सुस्त असला की टाइमआउट तुमच्या नावावर लागतो. टेक्निकल डिक्लाइनच्या (तांत्रिक कारणाने फसलेल्या व्यवहारांच्या) आकड्यात बँक म्हणून तुम्ही दिसता, व्हेंडर दिसत नाही.

म्हणून माझं मत: मालकी कोणाची हा प्रश्न दुसरा, टप्पे किती हा पहिला.

निशाचर

टेस्टकेस, अगदी मोक्याचं बोललात. त्यात तिमाहीचा शेवट घाला. ३० सप्टेंबरची रात्र. कोअरवर व्याज लावायचा बॅच चालू, डे-एंड लांबलेला, आणि यूपीआय मात्र थांबत नाही. समोर पडद्यावर रांग चढत जाते. एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देणारं कोअर आठ, दहा, बारा सेकंद घ्यायला लागतं. मग एकदम लाल ओळी. आणि गंमत बघा, लोक थांबत नाहीत. पेमेंट झालं की नाही बघायला शिल्लक तपासतात, ॲप स्टेटस विचारत राहतं, आणि आधीच दमलेल्या कोअरवर आणखी ओझं पडतं.

हे देशपातळीवरही झालं आहे. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, त्यामागे बँकांकडून येणाऱ्या स्टेटस तपासणीच्या विनंत्यांचा पूर हे मोठं कारण निघालं. त्यानंतरच मर्यादा आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते, आणि अडकलेल्या व्यवहाराचं स्टेटस तीनदाच, मधे ९० सेकंद सोडून.

रानवाटा

याच कारणासाठी यूपीआय लाइट मला मनापासून आवडतं. चहाचे, भाजीचे पैसे कोअरपर्यंत जातच नाहीत. फोनमधल्या लाइटच्या शिलकेतून वळते होतात. एका वेळी १,००० पर्यंत, एकूण शिल्लक ५,००० पर्यंत. पिन नको, पासबुकात वडापावच्या ओळी नकोत. सांगलीकर, तुमच्या खातेदारांना लाइट देता येतं का बघा. निम्मी रांग तिथेच हटेल.

सांगलीकर_आयटी

पासबुकाचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे काही खातेदारांचं पासबुक महिन्यात भरतं, आणि प्रिंटरसमोर जी रांग लागते ती वेगळीच.

सगळ्यांचे आभार. निशाचर, अजून विचारायचंय. स्पॉन्सरकडे आमचं जे खातं आहे, त्यात शिल्लक ठेवावी लागते. दिवाळीत आणि द्राक्षाच्या हंगामात पैसा एकाच दिशेने वाहतो. सलग सुट्ट्यांमध्ये ते खातं तळाला जातं. स्पॉन्सर निरोप पाठवतो, शिल्लक भरा, नाहीतर व्यवहार थांबवू. एवढी रक्कम बिनव्याजी तिथे पडून ठेवायची? यावर उपाय काय?

आणि दुसरं, रिकॉन, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी ताडून बघणं. फाइल आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळते, तीही व्हेंडरने "साफ करून" दिलेली.

निशाचर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच या धाग्याचं उत्तर आहे, म्हणून तो आधी घेतो.

साफ केलेली फाइल घेऊ नका. कच्ची फाइल मागा. एनपीसीआय प्रत्येक सेटलमेंट सायकलची फाइल देते. ती स्पॉन्सरकडे पोचते त्याच वेळी तुमच्याकडे पोचली पाहिजे. मग तीन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या: एनपीसीआयची फाइल, स्विचचा लॉग, कोअरमधली नोंद. तिन्हीकडे आहे, विषय संपला. एनपीसीआयकडे यशस्वी आणि कोअरमध्ये जमा नाही, तर तो तुमच्या काउंटरवर पेन्शनसाठी आलेल्या बाईंचा पैसा आहे. तुम्हीच तो त्याच दिवशी जमा करू शकता, कोणालाही मेल न करता! सगळं जुळवायचं १२ आकडी आरआरएनवर, म्हणजे व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकावर. यूपीआय-आयएमपीएसच्या आरआरएनमध्ये सर्वसाधारणपणे पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. ५२१३ ने सुरू होणारा दिसला की समजायचं, २०२५ चा दोनशे तेरावा दिवस, म्हणजे १ ऑगस्ट. जुन्या तक्रारी चाळताना याचा फार उपयोग होतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. कोणता क्रमांक कुठल्या रस्त्याचा, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला यायला हवं.

हे वेळेत करण्यामागे नियमही आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआय व्यवहारात रक्कम वजा झाली आणि समोर जमा झाली नाही, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेली पाहिजे. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. दुकानदाराला केलेल्या पेमेंटमध्ये ही मुदत पाच दिवसांची. आणि १५ फेब्रुवारी २०२५ पासून चार्जबॅक (पैसे परत मागणारा दावा) आपोआप निकाली निघतो, तो जमा करणाऱ्या बँकेने भरलेल्या टीसीसी (जमा केल्याची नोंद) किंवा रिटर्नवरून (परत पाठवल्याची नोंद). तुम्ही वेळेत भरलं नाही, तर दंड तुमच्यावर येईल, व्हेंडरवर नाही.

शिलकेचं असं. सायकलगणिक कच्ची फाइल मिळाली की कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी किती ओढ लागते, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसेल. मग वर्षभर मोठी रक्कम अडकवायची गरज नाही. हंगामापुरती मर्यादा वाढवून मागा, तारण म्हणून मुदत ठेव द्या, म्हणजे व्याज तरी सुटेल. आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. रविवारी रात्रीसुद्धा भरणा करता येतो. भरायचा अधिकार असलेला एक अधिकारी सुट्टीत उपलब्ध ठेवा.

पेन्शनर_आबा

निशाचर, हे मनापासून आवडलं. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. आज निकषात बसत नसाल, तरी पाच वर्षांत थेट सदस्य व्हायचं, असं मंडळाने आजच ठरवावं. भांडवल पर्याप्तता, निव्वळ एनपीए, नेटवर्थ हे सगळं त्या दिशेने न्यावं. दुसऱ्याच्या खात्यावर सेटलमेंट म्हणजे त्याच्या अडचणीत आपणही ओढले जाणार. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी फोनपे बंद. देशातलं एवढं मोठं ॲप, पण मागे पीएसपी बँक एकच होती.

कांदाभजी_कोडर

आबा, या उदाहरणात मी तुमच्या बाजूचा आहे. आमच्या क्षेत्राने त्या दिवसापासून एकाच बँकेवर विसंबायचं सोडलं. फोनपेने नंतर आयसीआयसीआय आणि ॲक्सिस जोडून घेतल्या. २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई झाली, तेव्हा ॲप टिकलं ते एनपीसीआयने १४ मार्चला थर्ड पार्टी म्हणून परवानगी दिल्यामुळे, मागे चार बँका ठेवून: ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक, येस. दुकानदारांच्या भिंतींवर चिकटवलेले क्यूआर बदलावे लागले नाहीत, कारण जुनं हँडल येस बँकेकडे वळवलं गेलं.

सांगलीकर, यातून तुमच्या करारात एक कलम येतं: करार संपला तर हँडल कोणाचं? तुमच्या खातेदारांनी क्यूआर छापून लावले, आणि दोन वर्षांनी फिनटेकशी फाटलं, तर ते सगळे क्यूआर मरता कामा नयेत. हे आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून सांगतोय: हँडल बँकेच्या नावावर घ्या.

गुजरीवाला

क्यूआरवरून आठवलं. माझा साउंडबॉक्स "आठशे रुपये प्राप्त झाले" म्हणतो, पण खात्यात दुसऱ्या दिवशी येतात. असं का?

टेस्टकेस

दादा, तुमचा क्यूआर पेमेंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचा असणार. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्याच्या एस्क्रो खात्यात जातात, दिवसाचा हिशेब करून तो तुमच्या खात्यात पाठवतो. डबा बोलतो तो त्याच्याकडे जमा झाल्यावर. थेट खात्यात यायला हवे असतील, तर तुमच्या बँकेचाच मर्चंट क्यूआर मागा.

गुजरीवाला

उद्याच जातो बँकेत.

म्युनिक_मराठी

सांगलीकर, मंडळापुढे शेवटी काय मांडणार ते लिहा. उत्सुकता आहे.

सांगलीकर_आयटी

टिपण आज लिहायला घेतलं. थेट सदस्यत्वासाठी आम्ही आत्ता तयार नाही, आबांचं पाच वर्षांचं उद्दिष्ट मात्र ठरावात घालणार आहे. स्पॉन्सर तोच ठेवायचा, पण नव्या अटींवर: प्रत्येक सायकलची कच्ची फाइल थेट आम्हाला, आणि प्रत्येक टप्प्यावर मेसेज किती सेकंद थांबला याचा रोजचा अहवाल. हंगामी मर्यादेसाठी मुदत ठेव. फिनटेक ॲपपुरती घेऊ, स्विच त्यांच्याकडे सध्या नको. हँडल बँकेचं. रिकॉनला आमच्याकडची दोन माणसं पूर्ण वेळ, त्यातली एक काउंटरवर बसणारी, कारण खातेदाराला उत्तर तिलाच द्यायचं असतं.

स्पॉन्सरने कच्ची फाइल द्यायला नकार दिला तर?

निशाचर

तर स्पॉन्सर बदला. सब-मेंबर घ्यायला तयार असलेल्या बँका आज एकापेक्षा जास्त आहेत, आणि तुमचा हंगामातला भरणा कोणालाही हवाच असतो. बोलणी सुरू करताना आधीच्या तिमाहीतल्या अडकलेल्या व्यवहारांची आरआरएनसकट यादी टेबलावर ठेवा, कोणता किती दिवस अडकला त्यासकट. आणि अटींमध्ये रात्रीचा एक फोन नंबर मागा, ज्यावर माणूस बोलतो. मेल आयडी चालणार नाही.

पेन्शनर_आबा

तो नंबर सही करण्याआधी एकदा पहाटे लावून बघा.

सांगलीकर_आयटी

लावतो. यादी काढायला आत्ताच सांगितलंय, पेन्शनच्या खात्यांपासून सुरुवात करून.